एकादशीचे थेंब

हुबळी, १४ जुलै १९९९

ती. अक्का,

मुकुंदाचा नमस्कार. सहा महिन्यांनी या कापडवाल्याला बहिणीची आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि दुकानातून ओरडून बोलावं तर गडी, गिऱ्हाईक, समोरचा भांडेवाला, सगळी दाजीबानपेठ ऐकते. म्हणून पत्र.

डोळ्यांचं सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मला काचबिंदू निघाला. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. रायापूरच्या वाटेवर डोळ्यांचा नवा दवाखाना झालाय, तिथल्या डॉक्टरीणबाई सांगतात की डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. रोज तीन वेळा थेंब घालायचे. प्रत्येक तपासणीला दाब चांगला येतो, पंधरा, सोळा. तरी नजरेचा घेर कमी होत चाललाय म्हणे. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं आणि मला पत्तासुद्धा नाही. आता राहिला उजवा. तोही गेला तर गादीवर बसून काय करू, माश्या मारू? त्यासुद्धा दिसायला हव्यात.

एका पांढऱ्या टोपल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. समोर बघत राहायचं, कुठं ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी इकडं तिकडं बघून एकेक ठिपका हुडकला आणि दाबला. तर बाई रागावल्या. "अज्जा, ही परीक्षा नाही, पास व्हायचं नाही. नजर हलवू नका." दाब चांगला असून नस का सुकते, हे त्यांनाही कोडं आहे. लेझर करू म्हणतात, त्यानं नाही भागलं तर बेंगळुरूला ऑपरेशन. मी म्हटलं, बघू. इरकलचा काठ मी अजून दहा हातांवरून ओळखतो.

त्यांनी विचारलं, भावंडं किती? हा रोग रक्तातून येतो, त्यांचेही डोळे तपासा. मी म्हटलं, एकच थोरली बहीण आहे मिरजेला, घारीची नजर आहे तिची. तरी तू एकदा दाखवून घे.

नात रेश्मा शाळेत पडली. हनुवटीला तीन टाके पडले. आता बरी आहे.

तुझा
मुकुंदा


मिरज, २१ जुलै

मुकुंदा,

दोन वर्षं! दोन वर्षं तू गप्प बसलास आणि वर मला लिहितोस "मुद्दामच". शाबास रे भावा. तुझी लक्ष्मी असती तर तिनंच मला कळवलं असतं. ती गेल्यापासून तुला धरबंध राहिलेला नाही.

आपल्या बापाचं, अप्पांचं काय झालं ते विसरलास? शेवटची नऊ वर्षं ते त्याच गादीवर बसून कापड बोटांनी ओळखायचे. पोत सांगायचे, सूत सांगायचे, आणि रंग मला विचारायचे. "कुसुम, हा खण हिरवा का गं?" मी हो म्हणायचे. एकदा निळा होता तरी हो म्हटलं, कारण त्यांचा चेहरा तसा होता. मला ते पुन्हा बघायचं नाही. लेझर करून घे. आमच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांनी केलं, खुर्चीत बसल्या बसल्या. घरी येऊन चहा प्यायले. कापणं नाही, शिवणं नाही. तू कापडवाला असून कात्रीला भितोस, आणि इथं तर कात्रीच नाही.

माझं ठीक आहे. गुडघा तेवढा फुटलाय. शेजारणीनं जिन्यात बादली ठेवली होती मेलीनं, अगदी वाटेत. इथं लाइटही हल्ली मंद येते, ओळी वरखाली गेल्या असतील तर सांभाळून घे.

लेझरची तारीख कळव. दुसरं काही कळवू नकोस.

अक्का


हुबळी, ९ ऑगस्ट

ती. अक्का,

तुझं पत्र म्हणजे शाळेतली छडी. पस्तीस वर्षं पोरं हाकलीस, सवय जात नाही.

बुधवारी तपासणी झाली. दाब सोळा. पण यंत्रातून निघालेल्या कागदावर काळा भाग वाढलाय. बाईंनी तो कागद जुन्या कागदाशेजारी धरून दाखवला. म्हणाल्या, लेझरला उशीर नको. मी म्हटलं, दिवाळीनंतर. श्रावण तोंडावर आलाय, पुढं गणपती, मग लग्नसराईची खरेदी.

आणि तू समजतेस तसा मी हातावर हात ठेवून बसलेला नाही. रोग निघाला त्या आठवड्यापासून डोळ्यांसाठी सूर्यनारायणाचे रविवार धरलेत. कडक धरलेत, दिवे लागेपर्यंत तोंडात पाणी नाही. एकादशी आणि संकष्टी आपल्या घरात पहिल्यापासून आहेतच. श्रावणात तर रोज तसंच, रात्री एकदा जेवायचं. डॉक्टर डॉक्टरांचं करतात, मी माझं करतो. दोन्हीकडून दोर लावलाय, विहिरीतून बादली वर येईलच.

खरं सांगू? मधूनच भीती वाटते. गादीवर बसलेलो असतो आणि गिऱ्हाईक एकदम समोर उगवतं. कुठून आलं ते दिसतच नाही. मग मी उगाच हसतो, या या म्हणतो.

तू डोळे दाखवलेस का? लिहिलं नाहीस.

मुकुंदा


हुबळी, ३० ऑगस्ट

ती. आत्याबाईंना अर्चनाचा नमस्कार.

मामंजींना न सांगता लिहिते आहे. हे पत्र वाचून फाडून टाका.

रेश्मा शाळेत पडली नाही. मामंजी तिला स्कूटरवर पुढं उभी करून शाळेत सोडतात. जूनमध्ये जुन्या हुबळीच्या वळणावर डावीकडून हातगाडी आली, ती त्यांना दिसलीच नाही. रेश्माची हनुवटी हँडलवर आपटली. मला म्हणाले, अक्काला कळवायचं नाही, तुझ्या नवऱ्याला, निखिललाही, गाडी खड्ड्यात आदळली एवढंच सांग. मी ऐकलं. चुकलं माझं. आता टाके निघाले आणि ते पुन्हा तिला घेऊन जातात. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी असते. माझा जीव थाऱ्यावर नसतो आत्याबाई. सासऱ्यांच्या हातातून किल्ली कशी काढून घेऊ?

औषधाचं मात्र ते फार जपून करतात. बाटली महिनाभर पुरेल असं दवाखान्यात सांगितलं होतं, ती मामंजींना दीड महिना पुरते. या महिन्यात तर निम्मी अजून शिल्लक आहे. तपासणी जवळ आली की मात्र आठ दिवस घड्याळ लावून घालतात. मला वाटतं, हात बसला असेल, एक थेंबही बाहेर सांडत नसेल.

तुम्ही काहीतरी करा. त्यांना रागावणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

अर्चना


मिरज, ३ सप्टेंबर

मुकुंदा,

पहिली गोष्ट. हे पत्र वाचताक्षणी उठ आणि स्कूटरची किल्ली अर्चनाच्या हातात दे. मला सगळं कळलंय. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे. पोरीची हनुवटी फुटली, डोकं फुटलं असतं म्हणजे? अरे, स्वतःचं कर काय करायचं ते, पण ते लेकरू तुझ्यापुढं विश्वासानं उभं राहतं.

दुसरी गोष्ट. उपासाच्या दिवशी तू थेंब घालत नाहीस. विचारत नाही, सांगते आहे. थेंब डोळ्यात पडले की घटकाभरात घशात कडू उतरतं, आणि घशात उतरलं म्हणजे उपास मोडला. तपासणीला जायच्या आधी तेवढे आठ दिवस नेमानं घालतोस, म्हणून दाब सोळा. हेच ना तुझ्या बाईंचं कोडं?

मला कसं कळलं ते विचार. तू सात वर्षांचा होतास. अप्पांच्या डोळ्यात थेंब घालायचं काम माझं होतं. एकादशी होती, मी देवाची फुलं निवडत होते. तू बाटली घेऊन धावत आलास, अप्पांना मी घालू का म्हणून. मी तुझ्या हातावर चापट मारली. म्हटलं, "गाढवा, आज एकादशी. थेंब घशात उतरतात, अप्पांचा उपास मोडेल, पाप लागेल." तू रडलास. अप्पा म्हणाले, बरोबर आहे तिचं. वर्षानुवर्षं मी एकादशीला ती बाटली फडताळात बंद ठेवली आणि मला वाटायचं, मी किती शहाणी मुलगी.

ती चापट तुला आठवत नसेल. तुझ्या हाताला आठवते आहे.

मुकुंदा, तुला हे शिकवलं ते मी. म्हणून आता सोडवतेही मीच. येत्या एकादशीला तू नाहीतरी थेंब घालणार नाहीस, तसाच उठ आणि दवाखान्यात जा. दाब मोजू दे. आणि बाईंना सगळं खरं सांग. देवापुढं खोटं बोलत नाहीस ना, मग डॉक्टरपुढं कशाला?

अक्का


हुबळी, २२ सप्टेंबर

ती. अक्का,

किल्ली अर्चनाकडं आहे. रेश्मा रिक्षानं जाते.

परवा एकादशीला गेलो. उजव्या डोळ्याचा दाब चौतीस.

बाईंनी दोनदा मोजला. मग मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, "याक्री अज्जा? का हो? मला एकदा विचारायचं तरी." मग कॅलेंडर काढून माझे उपास मोजले. महिन्याचे सात, वर दोन श्रावण. दोन वर्षांत दोनशेच्या आसपास दिवस डोळ्यात औषधच नव्हतं. अक्का, डोळ्यांसाठी धरलेले उपास गं ते. मी तिथंच रडलो. समोर एक बाई लेकराला घेऊन बसली होती, तिनं तोंड फिरवलं.

लेझरचं त्यांनी समजावलं. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला आत एक बारीक जाळी असते. तिच्यावर लेझरचे ठिपके मारले की जाळी सैल होते, पाणी वाहतं, दाब उतरतो. एखादा थेंब चुकला तरी जाळी आपलं काम करत राहते. गेलेली नजर मात्र परत येत नाही. गुण काही वर्षांनी कमी होऊ शकतो, आणि एखादं औषध चालू ठेवावंच लागेल. गुण आला की नाही हे कळायला सहा आठवडे.

मी तयार आहे. पण रविवारपासून पितृपक्ष. त्यात नवं काही करू नये. आणि अक्का, हा एकच डोळा उरलाय. त्यातच लेझर मारणार. काही बिनसलं तर? आज धूसर का होईना, रेश्माचं तोंड दिसतंय. त्या दिवशी तेही गेलं तर मी काय करू?

मुकुंदा


मिरज, २७ सप्टेंबर

मुकुंदा,

अप्पांची तिथी दशमी. त्याच दिवशी लेझर कर.

बाळाचार्यांना सकाळी लवकर बोलाव, श्राद्ध आटप, अप्पांचं पान वाढ आणि दुपारी जा. पितृपक्षात नवं करू नये म्हणतोस, पण यात नवं काय आहे? हे अप्पांचंच राहिलेलं काम आहे. त्यांच्या वेळी लेझर नव्हतं. त्यांना आज तुझ्याकडून खीर-वडे नकोत, त्यांना तू दिसणारा हवा आहेस.

बिनसेल म्हणून भितोस. न करता रोज बिनसतंय ते चालतं?

सकाळचे थेंब घालून जा. मी इथं देवापाशी बसते.

अक्का

ता. क. काल ताक पेल्याबाहेर ओतलं गेलं, त्याचे डाग कागदावर आहेत. स्टूल कुणीतरी सरकवलं होतं.


हुबळी, ६ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंना नमस्कार.

काल लेझर झालं. मामंजींनी "कळवू नकोस" म्हटलंय, पण आता मी त्यांचं ऐकत नाही.

कावळा लवकर शिवला, म्हणून ते खुशीत निघाले. डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले, भिंग टेकवलं, हनुवटी यंत्रावर ठेवली. दहा-बारा मिनिटांत झालं. दुखलं नाही म्हणाले, नुसता हिरवा उजेड लखलखतो. आम्हाला बाहेर बसवलं, तासाभरानं दाब बघून सोडतो म्हणाले.

तासाभरानं दाब छत्तीस निघाला. आधी अठरा होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाकुणाला असा एकदम चढतो, म्हणूनच थांबवतो. त्यांनी गोळ्या दिल्या, आणखी थेंब घातले. मामंजी बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला म्हणाले, "अर्चना, रेश्माला घेऊन ये. एकदा नीट बघून घेतो." मी म्हटलं, असलं बोलू नका. पण निखिलला फोन केला, तो तिला घेऊन आला. ते तिचा चेहरा हातात धरून बसले. ती म्हणाली, अज्जा, माझी परीक्षा आहे, सोडा की. साडेसहाला दाब बावीसवर आला, तेव्हा घरी सोडलं.

आज वीस आहे. आता सहा आठवडे.

अर्चना


मिरज, ५ नोव्हेंबर

मुकुंदा,

महिना झाला. दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. अर्चनाही लिहीत नाही, म्हणजे तूच तिला गप्प केलं असशील. काय झालंय? डोळा गेला का? गेला असेल तर तसं सांग. मी ऐकायला तयार आहे. तयार नाही, पण सांग.

दिवाळी दोन दिवसांवर आली. भाऊबीजेला पाटावर सुपारी ठेवून ओवाळीन. तुला फराळ पाठवला नाही, करंज्या यंदा सगळ्या करपल्या. घड्याळाच्या माणसानं काटे नीट बसवले नाहीत, वेळ कळतच नाही.

अक्का


हुबळी, २० नोव्हेंबर

ती. अक्का,

रागावू नकोस. आकडा हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काही खोटं लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस, आणि खरं मलाच ठाऊक नव्हतं.

काल कार्तिकी एकादशी. सकाळी उठून पूर्वेकडं तोंड केलं आणि थेंब घातले. घशात कडू उतरलं. थुंकलो नाही, गिळलं. उपास मोडला असेल तर मोडला, सूर्यनारायणाशी मी बघून घेईन. मग दवाखान्यात गेलो. दाब पंधरा. बाई म्हणाल्या, टोपल्यात बसा. या खेपेला मी एकही ठिपका हुडकला नाही, समोरच बघत राहिलो. दिसला तो दाबला, नाही दिसला तो सोडला. कागद आला. काळा भाग जिथं होता तिथंच आहे, पुढं सरकलेला नाही. बाई मुलीसारख्या हसल्या. म्हणाल्या, पुढचे कागदही असेच यायला हवेत, पण सुरुवात चांगली आहे.

आता तुझं. या सहा आठवड्यांत मला उद्योग नव्हता. तुझी सगळी पत्रं काढून भिंगातून वाचली. जिन्यात बादली. स्टूल सरकलेलं. ताक पेल्याबाहेर. लाइट मंद. घड्याळाचे काटे. तुझ्या ओळी जुलैत जराशा वरखाली होत्या, आता एकीवर एक चढतात. अक्का, तुझ्या घरात इतक्या वस्तू वाटेत ठेवतं कोण?

दोनदा लिहिलं, डोळे दाखव म्हणून. एकदाही उत्तर दिलं नाहीस. मी लपवलं तेव्हा तू मला काय काय बोललीस! भाऊबीजेला बहीण मागते, यंदा भाऊ मागतो. जा. दाखव.

मुकुंदा


मिरज, ११ डिसेंबर

मुकुंदा,

गेले होते. उजव्याचा दाब तीस, डाव्याचा अठ्ठावीस. त्या टोपल्यात मीही बसले. डावीकडचं बरंच गेलंय. तुझ्यासारखंच.

मला दीड वर्षापासून संशय होता. पोस्टमास्तरांची चौकशी तुझ्यासाठी नव्हती केली, माझ्यासाठी केली होती. आणि तरी गेले नाही. वाटायचं, अप्पांची बाटली मी फडताळात बंद ठेवली, त्याचं हे माप आहे, सोसावं. तुला सोडवायला निघाले आणि स्वतः तिथंच अडकून बसले. डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, आजी, तुमच्या वडिलांचा रोग तुमच्या एकादश्यांनी आला नव्हता, आणि तुमचा तुम्ही सोसून जाणार नाही.

१८ तारखेला लेझर आहे. मी तुला मारे लिहिलं होतं, कात्री नाही, सुई नाही, बसल्या बसल्या होतं. सगळं मला माहीत आहे. पण रात्रंदिवस तो छत्तीसचा आकडा डोळ्यापुढं येतो. मला भीती वाटते रे मुकुंदा. बाकावर माझ्याशेजारी कुणी नाही.

येतोस का?

अक्का


हुबळी, १४ डिसेंबर

ती. अक्का,

येतो. निखिल रेल्वेत बसवून देतो आहे, सतराला संध्याकाळी पोचेन. जिन्यातली बादली शेजारणीला सांगून ठेव, माझाही गुडघा आहे.

१८ ला एकादशी आहे. कॅलेंडर बघूनच लिहितो. त्या दिवशी सकाळी तुझ्या डोळ्यात थेंब मी घालणार, मग माझ्या. हातावर चापट मारलीस तरी घालणार.

मुकुंदा